ज्या गावाचं नाव घ्यायचं नाही

माझ्या सासरच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. रीत म्हणून नव्हे. रीत आता आमच्याकडे थोडी सैल झाली आहे, आणि ती कशी सैल झाली तेच पुढे सांगायचं आहे. नाव लिहिणार नाही ते निव्वळ खोडी म्हणून. मी इतकी वर्षं जो त्रास काढला, त्यातला थोडा तुम्हीही काढा.

गोष्ट अशी की आमच्या गावाच्या नावात माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. अर्धंमुर्धं नाही, अख्खं आहे, आणि त्याच्या शेपटाला ‘गाव’ चिकटलं आहे. माझं माहेर पेडगावचं. लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्या गावाचं नाव मी कितीदा तरी घेतलं, मैत्रिणींना सांगितलं, बसच्या पाटीवर वाचलं. हळद लागेपर्यंत ते साधं गावाचं नाव होतं. अक्षता पडल्या आणि ते तोंडातून बाद झालं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं, आणि त्याला उखाण्याची सोय असते. सासऱ्यांचं घ्यायचं नाही हेही समजू शकते, कारण सासऱ्यांना नावाने हाक मारायची वेळ येते कधी? पण ज्या गावात राहायचं, जिथून निघायचं आणि जिथे परतायचं, त्याचंच नाव घ्यायचं नाही, म्हणजे पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखं जगायचं. माझा स्वभाव मुळात तिखट. पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात खूप भांडले.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्यांचं तर दुहेरी ओझं, कारण त्यांच्यासाठी ते थेट नवऱ्याचं नाव. त्यामुळे गावाबद्दल बोलायची त्यांची एक वेगळीच भाषा तयार झालेली होती. विहिणींशी बोलताना ‘आमच्याकडं’. दवाखान्यात कुणी विचारलं तर ‘नदीच्या अल्याडचं, जिथं एस.टी. वळती ते’. एकदा मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारे गुरुजी दारात आले आणि खातरजमा करायची म्हणून त्यांनी गावाचं नाव विचारलं. आत्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमी आता जिथं हुबे हाव, तेच की.” गुरुजींनी चिठ्ठी दिली आणि पुढच्या घरी गेले.

मी मात्र या भाषेत कच्ची होते. पहिल्यांदा एकटी तालुक्याहून, पालमहून, गावाकडे निघाले तेव्हाची बस मला अजून आठवते. कंडक्टरने तिकिटाचं मशीन पुढे करून विचारलं, कुठं? मी म्हणाले, फाट्याच्या पुढचं. तो म्हणाला, फाट्याच्या पुढं लय गावं हायेत. मी म्हणाले, जिथे मोठी चिंच आहे. तो म्हणाला, चिंच कुठं न्हाई? एवढ्यात मागच्या बाकावरच्या मंडळींना प्रकार कळला. मराठवाड्यातल्या बसमध्ये एखाद्या सुनेला गावाचं नाव घेता येत नाही असं दिसलं की सगळ्यांना आपोआप काम लागतं. एका आजोबांनी तळ्याच्या गावाचं नाव घेतलं. मी म्हणाले, त्याच्या अलीकडचं. दुसऱ्याने एक नाव घेतलं. मी म्हणाले, त्याच्या पलीकडचं. मग सगळे मिळून जवळजवळ येत गेले आणि नेमक्या आमच्या गावाला वळसा घालून पुढे निघून गेले. शेवटी पुढच्या बाकावरची एक बाई मागे न वळता म्हणाली, आहो, त्यान्ला अमुकगावचं द्या. तिने नाव घेतलं आणि मी जोरात मान डोलावली. तिचे सासरे वेगळे होते, तिचं काय जात होतं?

पुढे तो कंडक्टर ओळखीचा झाला. मी चढले की बटणं दाबत विचारायचा, “बिननावाचं ना?” मामा सोबत असले की मात्र प्रश्न नसायचा. मामा बसमध्ये पाय ठेवताच गावाचं नाव मागच्या काचेपर्यंत ऐकू जाईल असं मोठ्याने सांगायचे. स्वतःचं नाव अख्ख्या बसमध्ये असं पुकारायला मिळणं हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं, आणि ते त्यांनी कधी सोडलं नाही.

आता इंग्रजीकडे येते. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, वर बी.एड. केलं होतं, आणि दोन्ही प्रमाणपत्रं कपाटात साड्यांखाली गाडली होती. लेक अंगणवाडीत जायला लागली तेव्हा नवऱ्याने बातमी आणली की पालमच्या अलीकडे माळावर जी इंग्रजी शाळा आहे, तिथे इंग्रजीला बाई हवी आहे. जागा एकच होती. परभणीला मिळाली असती एखादी, पण रोज परभणी म्हणजे घरात नाहीच म्हणतील हे मला पक्कं माहीत होतं. तेव्हा ही मिळाली तर मिळाली. मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होती हे खोटं नाही, पण त्याहून जास्त फळ्यापुढे उभं राहण्यासाठी हवी होती. कॉलेजात असताना रिकाम्या वर्गात शिरून मी फळ्यावर उगाच काहीतरी लिहायची, इतकी ती जुनी हौस.

इंग्रजीवर गंज चढला होता. तो काढायला मी पालममध्ये एका निवृत्त सरांकडे जायला लागले. बी-बियाण्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. जिन्यात खताचा वास यायचा आणि वर सर इंग्रजी शिकवायचे. माझं बाकी सगळं त्यांना बरं वाटलं, पण एका ठिकाणी मी हमखास अडखळायची. जागेचा विषय आला की डोळे मिटून व्हेअर टाकायची. गाव आलं, व्हेअर. नदी आली, व्हेअर. एकदा मोठ्या उत्साहाने म्हणाले, धिस इज द वेल व्हेअर आय लाइक. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मराठीत विचारलं, विहिरीत बसून नेमकं काय आवडतं तुम्हाला?

मी म्हणाले, सर, विहीर ही जागा आहे ना, मग व्हेअर. ते म्हणाले, इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. जागा आहे म्हणून व्हेअर येत नाही. जागेचं नाव बाजूला ठेवा आणि मागे उरलेलं वाक्य एकटं चालवून बघा. ‘आय लिव्ह’, मी राहते. चाललं, दोन्ही पाय शाबूत. त्याला फक्त कुठे ते सांगायचं आहे, तिथे व्हेअर. आता ‘आय लाइक’, मला आवडते. काय आवडते? हे लंगडं, याला एक पाय कमी. त्याला विचची काठी द्या, नाहीतर दॅटची. ‘हॅज अ टॅमरिंड ट्री’, कुणाकडे आहे चिंच? हेही लंगडं, पुन्हा काठी. आणि ‘आय लिव्ह इन’ असं शेवटी इन ठेवलंत, तर त्या इनने धडधाकट वाक्याचा पाय मोडला, मग तिथेही विच.

लंगड्याचं नाव निघालं की मला मामा आठवायचे, कारण मामांचा डावा पाय थोडा लंगडा आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण नियम डोक्यात बसला तो त्या पायामुळे बसला हे मान्य करायला हवं.

सरांनी घरून गावाबद्दल वाक्यं करून आणायला सांगितलं. मी ओसरीवर बसून डोकं खाजवत होते आणि आत्या माझ्या नणंदेशी फोनवर बोलत होत्या. नणंद देवगाव फाट्याजवळ दिलेली आहे. आत्या कुणाला तरी वाट सांगायला लावत होत्या आणि अर्थातच नाव घेत नव्हत्या. जिथं आपलं घर हाय तिथं ये म्हणावं. जे फाट्यावरनं दिसतं ते न्हवं, त्याच्या म्होरलं. ज्याच्यात दोन देवळं हायेत ते. मी कान टवकारले. जिथं, व्हेअर. जे, विच. ज्याच्यात, इन विच. आम्ही कुठे ‘जिथं’ म्हणतो आणि कुठे ‘जे’ म्हणतो, ते आपोआप वेगळं निघतं, आणि मी मात्र इंग्रजीत शिरले की दोघांना एकाच पोत्यात कोंबत होते. मी आत्यांची वाक्यं एकामागून एक इंग्रजीत उतरवली. काय लिहायलीस गं, असं त्यांनी विचारलं. अभ्यास, असं म्हणून मी वही उलटी ठेवली, कारण उचलेगिरी ही उचलेगिरीच.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती वाक्यं वाचली आणि विचारलं, सगळं लिहिलंत, गावाचं नाव कुठे आहे? मी रीत सांगितली. सर इतके खूश झाले की खालून चहा मागवला. म्हणाले, बाकीचे विद्यार्थी गावाचं नाव सांगून मोकळे होतात, त्यांना विचची गरजच पडत नाही. तुमची गरज खरी आहे. त्यानंतर त्यांनी माझा खेळच केला. दर तासाला मी गावाचं वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. एक व्हेअर चुकला की पहिल्यापासून. त्या खोलीत मला कळलं की नाव न घेण्यात एक मजा आहे, आणि हे कळल्याचा मला थोडा रागही आला.

शाळेचं बोलावणं आलं तेव्हा आत्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्या भाकरी थापत होत्या. नोकरीला त्यांची ना नव्हती. लेकीला त्या सांभाळणार होत्या, डबाही देणार होत्या. फक्त एक गोष्ट होती. “चार लोकांत बसशील, इंग्रजी बोलशील. पर ह्यांचं नाव तोंडातून जाऊ देऊ नको. मला सबद दे.”

माझं तोंड सुटलं. मी म्हणाले, आत्या, परदेशात बायका नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात, नवरे काय मरतात का तिथले? आत्यांनी भाकरी उलटली. म्हणाल्या, मरत न्हाईत, सोडून जातेत.

मग त्यांनी पायाची गोष्ट सांगितली. ती मी मामांकडून ऐकली होती, पण मामांची गोष्ट वेगळी होती. आत्या नव्या होत्या तेव्हा नदीवर धुणं धुताना बरोबरच्या बायकांनी त्यांना छेडलं, नाव घे नाव घे म्हणून. उखाणा येत नव्हता. आत्यांनी हसत हसत नुसतंच नाव घेतलं, साधं, हाक मारल्यासारखं. सगळ्या खिदळल्या. त्याच आठवड्यात मामा लिंबाच्या झाडावरून पडले आणि पाय कायमचा अधू झाला. आत्यांच्या मते तो पाय त्यांच्या जिभेने मोडला होता. हे सांगताना त्या तव्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. मामांच्या मते तो पाय आग्या मोहोळाने मोडला होता, कारण ते चोरून मध काढायला चढले होते आणि माश्या मागे लागल्यावर कुठली फांदी धरायची याचं भान राहिलं नव्हतं. मामा ही गोष्ट सांगताना हसून लोळायचे. आत्या एकदाही हसल्या नाहीत.

मी शब्द दिला. तव्यावरची भाकरी फुगली होती आणि त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही बोलणं मला जमलं नाही.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. मी एकटी जाऊ शकत होते, पण आत्यांना इंग्रजी शाळा बघायची होती, आणि शब्दावर नजरही ठेवायची होती, असं माझं मत आहे. मामा आले कारण आत्या एकट्या जाणार नव्हत्या. मामा फाटकाजवळच्या लिंबाखाली पाय पसरून बसले. आत्या व्हरांड्यात बाकावर बसल्या, नेमक्या मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीच्या खिडकीशी. मला आतून त्यांच्या पदराचा काठ दिसत होता.

आत मुख्याध्यापिकाबाई होत्या आणि संस्थेतले एक वयस्क गृहस्थ होते. बाईंनी इंग्रजीतच सुरुवात केली. तुमच्या गावाबद्दल सांगा, म्हणाल्या. मला हसू आलं. याच प्रश्नासाठी मी खताच्या वासाचे इतके जिने चढले होते. मी सांगायला लागले. आय कम फ्रॉम अ व्हिलेज विच स्टँड्स निअर अ स्मॉल रिव्हर. देअर इज अ टॅमरिंड ट्री व्हेअर द बस टर्न्स. इट हॅज टू टेम्पल्स, बट द वन विच आय लाइक इज द स्मॉलर. गृहस्थ पुढे सरकून बसले. त्यांनी एका गावाचं नाव घेतलं. मी म्हणाले, नो सर, दॅट इज द व्हिलेज विच कम्स बिफोर. त्यांनी दुसरं घेतलं. मी त्यालाही नाही म्हणाले आणि आणखी एक खूण दिली. बसमधला खेळ सुरू झाला होता, फक्त इंग्रजीत. बाई हसत होत्या, आणि एकदाही माझी काठी चुकीच्या वाक्याला लागली नाही. माझे पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला सांगू.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मराठीत म्हणाल्या, इंग्रजी छान आहे. आता दुसरं काम सांगते. संध्याकाळी शाळेच्या गाडीबरोबर जायचं, अर्जावरून दिसतं की तुमचा रस्ता तोच आहे. लहान मुलं गाडीत बसल्या बसल्या झोपतात. गाव आलं की नाव मोठ्याने पुकारायचं. मुलं बाकी कशाला उठत नाहीत, आपल्या गावाच्या नावाला उठतात. मागे एक पोरगी झोपेत दोन गावं पुढे गेली होती आणि तिची आई अंधारात फाट्यापर्यंत पळत आली होती. पुकारा बघू गावं क्रमाने.

मी पहिलं गाव पुकारलं. दुसरं पुकारलं. तिसरं आमचं होतं. मी म्हणाले, चिंचेचं. बाई शांतपणे म्हणाल्या, झोपलेल्या लेकराला चिंच सांगून ते उठेल का?

त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. एवढं व्हेअर आणि विच शिकून काय उपयोग, तिथे एका शब्दाचं काम होतं. मी रीत सांगितली. बाई म्हणाल्या, माझी आईसुद्धा वडिलांचं नाव घेत नसे, मला कळतं. पण मला मुलं घरी पोचवायची आहेत. बाहेर अजून दोघी बसल्या आहेत. बघा, जमतंय का. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नाव माझ्या घशाशी आलं होतं. खिडकीत पदराचा काठ हलत नव्हता. मी मनात आत्यांना शिव्या दिल्या, त्यांच्या नदीला दिल्या, मोहोळालाही दिल्या. पण शब्द दिला होता, आणि तो त्या तव्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याला दिला होता. मी म्हणाले, नाही जमायचं, बाई. उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते दिसू नये म्हणून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात दाराशी आत्या आल्या. चपला बाहेर काढल्या होत्या, पदर डोक्यावरून नीट घेतला होता. त्यांनी कुणालाच नमस्कार केला नाही. डोळे मिटले आणि गावाचं नाव घेतलं. चोरून नाही, पुटपुटत नाही. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला ऐकू जावं असं घेतलं. बाहेर लिंबाखालून मामांचा आवाज आला, “आं?”

आत्यांनी डोळे उघडले आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. “म्हण आता तू. लेकरं घरला पोचली पायजेत. दोष लागायचा तो मला लागलाय.”

मी म्हणाले. पहिल्यांदा नुसता वारा आला. बाई म्हणाल्या, मुलं झोपलेली आहेत, मोठ्याने. मी पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदा म्हणाले ते इतक्या मोठ्याने की लिंबाखालून पुन्हा “आं?” आलं, आणि ते वयस्क गृहस्थ टेबलावर हात मारून हसायला लागले. म्हणाले, अहो, हे गाव होय? ते माझ्या बहिणीचं सासर. बाई म्हणाल्या, सोमवारपासून या. बाहेर बसलेल्या दोघींकडे मला बघवलं नाही, पण आनंद व्हायचा तो झालाच.

शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत थोडं चालावं लागतं. त्या वाटेवर आत्यांनी मामांना अंड्यासारखं जपत नेलं. खड्डा हाय. दगड हाय. इकडून या, तिकडं तार हाय. समोरून एक मोटारसायकल आली तर त्यांनी मामांना दंडाला धरून थेट गवतात नेलं. मामांना सगळं कळलं होतं. त्यांनी विचारलं, आत काय म्हणलीस? आत्या म्हणाल्या, काय न्हाई. मामा म्हणाले, मला ऐकू आलं. आत्या म्हणाल्या, आलं तर आलं. मामांचा स्वभाव माझ्यापेक्षा खोडकर. चार पावलं गेल्यावर त्यांनी मुद्दाम अडखळल्यासारखं केलं. आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मामांनी ते पाहिलं आणि पुढच्या वाटेने एकदाही थट्टा केली नाही. उलट, नीट बघून बघून पाय टाकत चालले.

मी आता रोज संध्याकाळी शाळेच्या गाडीतून ते नाव पुकारते. एक छोटी तर झोपेतच ‘आलं’ म्हणून दप्तर खांद्याला लावते. मामा कधी चिंचेखाली बसलेले असतात आणि मी नाव पुकारलं की हात वर करतात. घरात मात्र मी अजून ते घेत नाही, आणि आत्यांनी तर त्या दिवसानंतर पुन्हा कधीच घेतलं नाही. एकदा झालं ते कामापुरतं झालं, असं त्या म्हणतात.

पण त्या दिवशीची बस सांगायची राहिली. तोच कंडक्टर होता. आम्ही बसलो, मामा खिडकीशी, आत्या त्यांच्या बाजूला, मी पलीकडच्या बाकावर. कंडक्टर मशीन घेऊन आला आणि सवयीने मामांकडे बघत उभा राहिला, आता नाव ऐकू येईल म्हणून. मामा गप्प. ते खिडकीबाहेर बघत होते, जणू पालमचा माळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. कंडक्टरने विचारलं, कुठलं देऊ? त्यांना आत्यांच्या तोंडून ते नाव पुन्हा ऐकायचं होतं. हे मला कळलं, कंडक्टरलाही बहुतेक कळलं, कारण तोही ‘बिननावाचं ना’ असं म्हणाला नाही. आत्यांनाही कळलं. त्यांनी एकदा मामांच्या पायाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. मागच्या बाकावरची माणसं नेहमीप्रमाणे मदतीला सरसावत होती.

आत्यांनी पदर सावरला. “एक फुल, दोन बायांचे द्या,” त्या म्हणाल्या. “जिथं हे धड उतरतील, तिथलं.”

कंडक्टरने बटणं दाबली. मामा बाहेरच बघत राहिले. चिंच आली तेव्हा आत्या आधी उतरल्या आणि पायरीशी उभं राहून, सगळ्या बससमोर, त्यांनी हात वर केला. मामांनी तो धरला. पाय जमिनीला टेकेपर्यंत आत्यांनी सोडला नाही, आणि कंडक्टरनेही तोपर्यंत घंटी मारली नाही.